डागांवरून काढलेला रस्ता

माझ्या पुस्तकांवर डाग आहेत. ग्रंथपालाने हे कबूल करणं बरं दिसत नाही, पण ती पुस्तकं कॉलेजची नव्हती, माझी होती, आणि डाग माझ्या थोरल्या भावामुळे पडले. दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. वहिनी गेल्या त्या या आषाढात. घरातली माणसं कमी झाली की कपाटं आवरायला वेळ मिळतो. मी रोज एक खण आवरतो. मध्येच एखादं पान तेलकट, पारदर्शक झालेलं दिसतं आणि मला हसू येतं. सुतक संपलेलं असलं तरी इतक्यात हसावं का, याचा मी थोडा विचार केला. मग लक्षात आलं, वहिनींबद्दल न हसता लिहायचं म्हटलं तर दोन ओळींच्या पुढे जाता येणार नाही.

दादाने आमच्या भावकीत एक पद्धत पाडली होती. कुणाच्याही मुलीचं लग्न ठरायच्या आधी होणाऱ्या जावयाला तो एका संध्याकाळी बाहेर न्यायचा. पैठण गेटपासून निघायचं, गुलमंडीतून जायचं आणि शहागंजच्या मागच्या गल्लीत थांबायचं. वाटेत जिथे जिथे तो थांबेल तिथे तिथे खायचं. याला तो ‘फेरी’ म्हणायचा. ‘‘पत्रिका गुरुजी बघतील, पोट मी बघतो,’’ असं तो व्याह्यांना तोंडावर सांगायचा. लोकांना वाटायचं तो गंमत करतो आहे. पण एका मुलाला त्याने खरंच नापास केलं होतं. त्या मुलाने भज्यातला कांदा वेचून कडेला ठेवला होता. ‘‘आज कांदा काढला, उद्या सासऱ्याला काढील,’’ दादा म्हणाला आणि ते स्थळ मोडलं.

प्रत्येक फेरीला मी बरोबर असायचो. का, ते मला कधी कळलं नाही. बहुधा बाकावर तिसरी जागा धरून ठेवायला. मी पुस्तक घेऊन जायचो आणि समोर येईल ते एका हाताने खायचो. दादा बोलायचा, मुलगा घाम पुसायचा, मी पान उलटायचो. त्याच हाताने.

दादा गेला तो पौषात. धाकट्या पुतणीचं लग्न राहिलं होतं. आमच्याकडे वडील गेल्यावर वर्षाच्या आत मुलीचं लग्न उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबतात. वर्ष म्हणायला वर्ष, पण मधला चातुर्मास आणि त्यानंतरची वर्षश्राद्धाची गडबड सोडली तर वैशाखातला मुहूर्त धरण्याशिवाय इलाज नव्हता. मुलगा पुतणीने स्वतःच पाहिलेला होता. चितेगावच्या एका कारखान्यात ती प्रयोगशाळेत होती आणि तो यंत्रांवर इंजिनिअर. दोघं एकाच बसने जायचे. मुलगा येऊन भेटून गेला, वहिनींना पसंत पडला, पत्रिकाही जमली. मग वहिनी म्हणाल्या, ‘‘फेरी राहिली.’’

वहिनी सिल्लोडकडच्या. कमी बोलायच्या आणि बोललेलं परत घ्यायच्या नाहीत.

‘‘आई, आता बाबा नाहीत. कोण नेणार फेरीला?’’ पुतणी म्हणाली.

‘‘भाऊजी नेतील. ते प्रत्येक वेळी होते की.’’

‘‘वहिनी, मी होतो,’’ मी म्हणालो, ‘‘पण मी वाचत होतो.’’

‘‘डोळे वाचत होते. पाय तर चालत होते ना?’’ त्या म्हणाल्या. ‘‘ह्यांनी सांगून ठेवलंय, फेरीबिगर माझी पोरगी जाणार नाय. मी काय त्यांचं बोलणं मोडायचं व्हय?’’

त्या दिवशी दुपारी पुतणी माझ्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं.

‘‘काका, एक सांगायचंय. ते माळकरी आहेत.’’

मला आधी आनंदच झाला, मुलगा निर्व्यसनी म्हणून. मग लक्षात आलं. माळकरी म्हणजे गळ्यात तुळशीची माळ, आणि मटणाला स्पर्श नाही. आणि दादाच्या फेरीचा शेवटचा मुक्काम नान-खलियाचा. बकऱ्याचं मटण, वर बोटभर लाल तर्री, आणि ती पुसून खायला ताटाएवढी मऊ नान. दादाच्या मते तोवरचं सगळं खाणं म्हणजे नुसती प्रस्तावना होती.

‘‘आईला माहीत आहे?’’

‘‘नाही. ते घरी आले तेव्हा मी त्यांना वरचं बटण लावून बसायला सांगितलं होतं. काका, आईनं एकदा नाही म्हटलं की संपलं. आणि मग तीन वर्षं. त्यांच्या घरचे काही तीन वर्षं थांबणार नाहीत. तुम्ही फेरी न्या, पण शेवटचं विसरून जा. तुम्ही विसरलात तर कुणाला नवल वाटणार नाही.’’

याचं वाईट वाटून घेण्यात अर्थ नव्हता. मी विसरायचं कबूल केलं.

पण मला तर पहिलंही आठवत नव्हतं. गुलमंडीच्या कुठल्या कोपऱ्यावर कचोरी होती आणि कुठल्या कोपऱ्यावर इमरती, काही म्हणजे काही डोळ्यांसमोर येईना. आठवत होतं ते वाचलेलं. थोरल्या पुतणीच्या नवऱ्याच्या फेरीला मी मराठवाड्याच्या इतिहासावरचं एक जाड पुस्तक नेलं होतं, हे पक्कं ध्यानात होतं. म्हणून ते काढून चाळू लागलो, आणि मधल्या एका पानावर डाग सापडला. बशीएवढा गोल, पलीकडची अक्षरं दिसतील असा.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी पुस्तक हातातून घेतलं, पान नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

‘‘करडईचं तेल. आणि बडीशेप. कचोरी आहे ही.’’

‘‘वहिनी, याला सहा वर्षं झाली.’’

‘‘मग? वास काय सुट्टीवर जातो?’’

त्या दिवसापासून माझं कपाट त्यांच्या ताब्यात गेलं. दुपारी भांडी आटोपली की त्या पदराला हात पुसून यायच्या आणि एकेक पुस्तक काढायच्या. त्यांनी ती पुस्तकं कधी वाचली नव्हती, पण मी इतकी वर्षं वाचून जे मला कळलं नव्हतं ते त्यांना पाचव्या मिनिटाला कळत होतं. मी पुस्तक विकत घेतलं की पहिल्या पानावर दुकान लिहितो आणि वाचून झालं की शेवटच्या पानावर तारीख. त्यामुळे कुठल्या फेरीला कुठलं पुस्तक होतं ते सापडत गेलं. उरलेलं डागांनी सांगितलं. भुग्याचे कण अडकले होते ती पैठण गेटची भजी. हिरवट ठिपके ती त्याच गाडीवरची चटणी. एका कवितासंग्रहाची दोन पानं अशी चिकटली होती की मधली कविता मी आजवर वाचलेलीच नव्हती. वहिनींनी नखाने कड खरवडली.

‘‘पाक. उडदाची इमरती.’’ मग त्यांनी शेवटचं पान पाहिलं आणि बोटांवर काहीतरी मोजलं. ‘‘भाऊजी, डॉक्टरनं ह्यांचं गोड बंद केलं त्याच्यानंतरची तारीख आहे ही. दोन वर्षांनंतरची.’’

मी चहाच्या कपात पाहिलं.

‘‘ह्यांनी खाल्ली?’’

‘‘मी वाचत होतो, वहिनी.’’

‘‘किती खाल्ल्या?’’

‘‘कविता लहान होती,’’ मी म्हणालो. ‘‘एखादी असेल.’’

पुतणी दारात उभी राहून मला डोळ्यांनी खुणावत होती. कारण तर्रीचा डाग असलेलं पुस्तक कुठलं हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. ते आकाशातल्या ताऱ्यांवरचं होतं, आणि त्याच्या एका पानावर पाच बोटांचे लाल ठसे असे उमटले होते, जणू कुणी दरोड्याच्या वेळी वाचत बसलं होतं. ते मी आदल्या रात्रीच गादीखाली सरकवलं होतं.

चौथ्या दिवशी वहिनी कपाटासमोर उभ्या राहून म्हणाल्या, ‘‘दोनशे चौदा कुठंय?’’

मी माझ्या पुस्तकांना नंबर घालतो. पाठीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर काळ्या शाईने आकडा. नोकरीची सवय. दोनशे तेरा होतं, दोनशे पंधरा होतं.

‘‘कुणी तरी नेलं असेल.’’

‘‘तुम्ही कधी कुणाला पुस्तक दिलंय?’’

त्या सरळ माझ्या खाटेकडे गेल्या आणि गादी उचलली. ठशांचं पान उघडून त्यांनी त्याचा वास घेतला नाही. नुसत्या पाहत राहिल्या. ते ठसे माझे नव्हते. मधलं बोट थोडं वाकडं होतं, ते दादाचं. मला पान दाखवायला सांगून त्याने हात पुढे केला होता. ते मला तेव्हाच आठवलं.

‘‘खलिया,’’ त्या म्हणाल्या. ‘‘शहागंज.’’ आणि पुस्तक मिटून पिशवीत टाकलं. ‘‘मी पण येते फेरीला.’’

पुतणी स्वयंपाकघरात गेली आणि तिने एक पातेलं बरंच जोरात ठेवलं.

चैत्रातली संध्याकाळ होती. मुलगा पैठण गेटला आमच्या आधी येऊन थांबला होता. वरचं बटण लावलेलं. ऊन उतरलं होतं तरी तो असा घामेजला होता की पाहणाऱ्याला वाटावं, फेरी संपवून परत आलाय. वहिनींच्या खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पुरावे. मी हात हलवत. मला पुस्तक आणायला बंदी होती.

भजी मुलाने चांगली खाल्ली. कांद्यासकट. वहिनींनी पाहिलं आणि मान हलवली. मी मनात एक टप्पा गेला असं म्हटलं.

गुलमंडीत कचोरीवाल्यापुढे वहिनींनी इतिहासाचं पुस्तक उघडून धरलं. ‘‘हा डाग तुमच्याकडचा व्हय?’’

कचोरीवाल्याने झारा बाजूला ठेवला, पान उजेडाला धरलं आणि बराच वेळ पाहिलं. ‘‘आकार आमचा आहे,’’ तो म्हणाला. ‘‘पण ताई, आमची कचोरी इतकी तेल सोडत नाही. कागद हलका असंल.’’ मग त्याची नजर माझ्याकडे गेली. ‘‘अरे! तुम्ही ते वाचणारे! मग दादा कुठं? लई दिवस झाले.’’

वहिनींनीच सांगितलं. त्याने भट्टी बारीक केली. मग म्हणाला, ‘‘फार मोठा माणूस. खाऊन निघताना दर वेळी एक जादा बांधून घ्यायचे. घरच्या मंडळींना आवडते म्हणायचे.’’

‘‘मला तर कधी मिळाली नाय,’’ वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या.

‘‘औरंगपुऱ्याच्या वळणापर्यंत पुरायची,’’ मी म्हणालो. तेवढं मला आठवत होतं, कारण वळणावर पुस्तकांचं दुकान होतं.

मुलगा तोंड फिरवून हसला. वहिनी हसल्या नाहीत, पण त्यांनी तीन कचोऱ्या घेतल्या आणि स्वतःची उभ्यानेच खाल्ली. सासरी आल्यापासून त्यांना रस्त्यावर उभं राहून खाताना मी पहिल्यांदा पाहत होतो. इमरतीच्या दुकानात तर त्या बाकावर ऐसपैस बसल्या. पहिली खाल्ली. दुसरी खाल्ली. बोटं पुसली.

‘‘ह्याच्यासाठी डॉक्टरशी खोटं बोलले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बरोबर केलं.’’

इथेच थांबावं म्हणून मी पोटाला हात लावून कण्हलो. ‘‘वहिनी, मला वाटतं झाली फेरी. माझं पोट...’’

‘‘तुम्ही वाचत बसा तिथं जाऊन,’’ म्हणून त्यांनी पिशवीतून दोनशे चौदा काढून माझ्या हातात दिलं आणि चालू लागल्या. मुलगा माझ्या शेजारून चालत होता. ‘‘काका, आता?’’ त्याने हळूच विचारलं. मी म्हणालो, ‘‘काही होत नाही.’’ असं मी आयुष्यात फार वेळा म्हटलेलं नाही, त्यामुळे त्यालाही खरं वाटलं नसावं.

शहागंजच्या मागच्या त्या खानावळीत आत पडदा लावलेली एक जागा होती, बायका-मंडळींसाठी. आम्ही बसतो न बसतो तोच मालक आले. पांढरी दाढी, खांद्यावर पंचा. त्यांनी मला लगेच ओळखलं.

‘‘अरे, छोटे भाई! किताब हैच हात में! और ये भाभी? भाभी, तुम बैठो. आज तुम हमारे मेहमान.’’ मग मुलाकडे पाहून, ‘‘बड़े भाई का दामाद? हौ ना? मैं पहचान गया. ऐसाच पसीना आता सबको.’’

कुणी काही मागवायच्या आत ते स्वतः तीन थाळ्या घेऊन आले. दादा गेल्याचं त्यांना कळलेलं होतं. त्यांनी मुलाच्या थाळीत जाड नळी असलेला तुकडा वाढला आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. ‘‘ये बड़े भाई का हिस्सा. अब तुम्हारा.’’

मुलाने त्या नळीकडे पाहिलं. गळ्याशी हात नेला, बटणापाशी, आणि खाली घेतला. मला त्याच्याकडे पाहवेना. मालक भट्टीकडे वळले. वहिनी नान हातात घेऊन ती कशी भाजली असेल, वरून गूळ-हळदीचं पाणी लावलंय का, ते उलटसुलट करून पाहत होत्या. तेवढ्यात मी माझी थाळी संपवली. मी इतक्या वेगाने कधीच काही संपवलेलं नाही. मग रिकामी थाळी मुलापुढे सरकवली आणि त्याची ओढून घेतली, आणि ताऱ्यांचं पुस्तक उभं करून त्याच्या आड दुसरी थाळी खायला लागलो.

मला तिखट सोसत नाही. घरी माझी आमटी वेगळी काढतात. पहिल्या थाळीने कानांत वाफ झाली होती. दुसरीच्या मध्यावर डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि नळीपाशी आलो तेव्हा उचकी लागली. साधी नव्हे. दर वेळी पुस्तक हलत होतं.

मालक धावत आले. माझे डोळे पाहून त्यांचेही भरून आले. ‘‘बस भाई, बस. बड़े भाई याद कर रहें तुमकू. ऊपर बैठ के याद कर रहें.’’

मी मान हलवून नाही म्हणायचा प्रयत्न केला, पण उचकी आल्यामुळे ती होकारासारखी हलली. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि माझ्या थाळीत आणखी एक पळी तर्री घातली.

‘‘नको,’’ मुलगा एकदम म्हणाला. ‘‘त्यांना आणखी नका वाढू. काकू, ती थाळी माझी होती. काका माझ्यासाठी खातायत.’’ त्याने वरचं बटण काढलं. तुळशीची माळ बाहेर आली. ‘‘मी माळकरी आहे. आधीच सांगायला हवं होतं. चुकलं माझं.’’

मालकांची पळी हवेत राहिली. मी उचकी दिली.

वहिनींनी नानचा घास तर्रीत बुडवला, खाल्ला, चावून झाल्यावर पाणी प्यायल्या. ‘‘मला ठाऊक आहे.’’

‘‘तुम्हाला कुणी...’’

‘‘आमच्या घरात पंखा चालू, दार उघडं, आणि तुम्ही गळ्यापर्यंत बटण लावून बसलेले. काय लपवतो माणूस तिथं? आमच्याकडं अर्धं गाव माळकरी आहे.’’

‘‘मग वहिनी,’’ मला कसंबसं एवढंच म्हणता आलं, ‘‘मग इथं कशाला...’’

‘‘आधी बोलले असते तर तुम्ही सगळ्यांनी मिळून फेरी रद्द केली असती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ह्यांनी भावकीतला एकेक जावई इथं आणला. तुम्हाला दर वेळी आणलं, तुम्ही तर बघतसुद्धा नव्हता. मला एकदा नाय आणलं. मला यायचं होतं.’’

भट्टीवर कुणीतरी कणीक थापत होतं.

मग त्या मुलाकडे वळल्या. ‘‘ह्यांना तुमच्यासारखा जावई लई आवडला असता. स्वतःची थाळी खाऊन वर तुमचीही खाता आली असती.’’ आणि मालकांना म्हणाल्या, ‘‘भाईसाब, जावयांना साधा दही-भात मिळंल का? आणि मला अजून एक नान.’’

‘‘हौ भाभी. दो लाता मैं,’’ मालक म्हणाले आणि पंच्याने डोळे पुसत गेले.

जेवण झाल्यावर आम्ही कोपऱ्यावरच्या पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथमध्ये गेलो. पुतणी घरी फोनजवळ बसून होती, हे सगळ्यांनाच माहीत होतं. पहिली रिंग पूर्ण व्हायच्या आत तिने उचलला. रिसीव्हर माझ्या हातात होता.

‘‘काका? काय झालं?’’

मला सांगायचं होतं की जमलं. पण जीभ भाजलेली होती, आणि ‘ज’पाशी आलं की उचकी यायची.

‘‘काका, बोला ना. आई काय म्हणाली? काका... तुम्ही रडताय?’’

मी आणखी एक उचकी दिली. पलीकडून हुंदका आला. मुलगा काचेबाहेर उभा राहून आत पाहत होता आणि त्याचाही चेहरा पडला. वहिनींनी माझ्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला.

‘‘अगं ए, रडू नको. ते रडत नायत, त्यांना खलिया लागलाय. दोन थाळ्या खाल्ल्या, सांगते घरी येऊन. व्हय. जमलं म्हणते ना! उद्या सकाळीच गुरुजींकडं जाते, वैशाखातलाच धरायचा. आता डोळे पूस. आणि हे बघ, भाकरी टाकू नको. आमच्यापैकी कुणी जेवायचं नाय.’’